शोभेची दारू आणि फुकटची जागा

दसरा उलटला आणि शेजारच्या स्वयंपाकघरातून भाजणीचा वास यायला लागला की ऑफिसच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येऊन पडतो. "यंदा फटाके बघायला कुठे जायचं?" लक्षात घ्या, वाजवायला नाही, बघायला. वाजवायची हौस तिशीकडे सरकताना बहुतेकांची ओसरते. एक तर फटाके महाग, वर धूर, वर खालच्या मजल्यावरच्या आजोबांची बोलणी. बघायची हौस मात्र जात नाही. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं अमक्या हॉटेलच्या गच्चीवर टेबल बुक करा (माणशी इतके-इतके, फराळाची प्लेट धरून). कोणी अठराव्या मजल्यावर राहणाऱ्या सहकाऱ्याची अचानक फार प्रेमाने चौकशी करतं. आणि एखादा शहाणा विचारतो, "अरे, पण आकाशात उडणारी गोष्ट बघायला पैसे कशाला?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मागे मोठा इतिहास आहे. गेले दोन-तीन वीकएंड मी त्याच्याच मागे होतो. आणि मजा म्हणजे या विषयावर आपल्याकडे ज्यांनी सगळ्यात नेटकं काम करून ठेवलंय, ते गृहस्थ निघाले आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले! आता पुण्यात नोकरी करणाऱ्या रत्नागिरीकराने यावर लिहायचं नाही तर कोणी?

(एक खुलासा आधीच करतो. या लेखात 'दारू' हा शब्द बऱ्याच वेळा येईल. ती सगळीकडे शोभेची दारू आहे. शुक्रवार रात्रीची नाही.)

देवरुखचे गोडे

परशुराम कृष्ण गोडे. जन्म १८९१, गाव देवरुख. मार्लेश्वरला जाताना लागतं ते देवरुख. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात त्यांनी आयुष्य घालवलं. तिथे ते क्युरेटर होते, म्हणजे हजारो हस्तलिखितं त्यांच्या ताब्यात. दुसरा कोणी असता तर वेद-उपनिषदांवर जाडजूड ग्रंथ लिहून मोकळा झाला असता. गोड्यांना मात्र भलतेच प्रश्न पडायचे. बायका नाकात नथ कधीपासून घालायला लागल्या? विडा खायची चाल किती जुनी? दिवाळी आज जशी करतो तशी कधीपासून? आणि या दारूकामाचं आपल्याकडे पहिलं पाऊल कधी पडलं?

त्यांची पद्धत आपल्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल. हजारो पानांच्या लॉग फायलींमध्ये एक शब्द शोधत जायचं, जिथे सापडेल तिथलं साल टिपून ठेवायचं आणि सगळ्या नोंदी तारखेनुसार लावायच्या. फरक इतकाच की आपण एक कमांड मारतो आणि चहाला जातो. ते हे सगळं डोळ्यांनी करायचे. १९५३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरने त्यांची पुस्तिका छापली. विषय : इ.स. १४०० ते १९०० या काळातला भारतातल्या आतषबाजीचा इतिहास. पुस्तिका इंग्रजीत आहे, पण आतला बराच ऐवज मराठी आणि संस्कृत कागदपत्रांतला.

त्या नोंदींवरून नजर फिरवली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. १४४३ मध्ये इराणच्या शाहरुखचा वकील अब्दुर रझ्झाक विजयनगरला होता. महानवमीच्या उत्सवात त्याने तिथली आतषबाजी पाहिली आणि लिहून ठेवली. ओडिशाच्या प्रतापरुद्रदेव गजपतीच्या (राज्यकाल १४९७ पासून) नावावर 'कौतुकचिंतामणि' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात सोरा, गंधक, कोळसा, लोखंडाचा कीस आणि बांबूची नळी यांच्या चक्क पाककृती दिल्यात. त्यातलं 'चंद्रज्योती' हे नाव तर आपण अजून वापरतो. सोळाव्या शतकात एकनाथांनी 'रुक्मिणी स्वयंवर' रचलं, त्यात लग्नाच्या थाटात दारूकामाचं वर्णन आहे. श्रीकृष्णाच्या काळी दारू नव्हती हे नाथांना ठाऊक असेल-नसेल, पण त्यांच्या स्वतःच्या काळातल्या श्रीमंत लग्नात ती उडत होती हे त्यावरून कळतं.

आता गंमत बघा. राजाचा उत्सव, राजाच्या नावावरचा ग्रंथ, राजघराण्यातलं लग्न. म्हणजे दारूकाम ही घरोघरी करायची गोष्टच नव्हती. खर्च करणारा एक आणि बघणारे हजारो. एका माणसाच्या खिशातून सगळ्या गावाची करमणूक. त्यामुळे इतिहासाच्या बऱ्याच काळात "आतषबाजी फुकट कुठे बघायला मिळेल?" हा प्रश्न जवळजवळ निरर्थक होता. ती फुकटच असायची. प्रश्न असायचा तो वेगळाच. तुम्ही उभे कुठे राहणार?

पर्वतीच्या पायथ्याशी लंका

या प्रश्नाचं उत्तर देणारी सगळ्यात झकास मराठी नोंद 'पेशव्यांच्या बखरी'त आहे आणि गोड्यांनी ती आवर्जून घेतलीय.

महादजी शिंदे उत्तरेतलं राजकारण उरकून १७९२ च्या जूनमध्ये पुण्यात आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला वारले. गोष्ट या दरम्यानची. सवाई माधवराव पेशवे तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे, म्हणजे आपल्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं वय. शनिवारवाड्याबाहेरचं जग फारसं बघितलेलं नाही. पाटीलबावा त्यांना उत्तरेकडच्या गोष्टी सांगायचे. एकदा त्यांनी कोट्याच्या दिवाळीचं वर्णन केलं. (कोटा म्हणजे आजचं कोचिंग क्लासवालं कोटा. तेच.) तिथे चार दिवस दिवाळी चालते, लाखो दिवे लागतात आणि तिथला राजा शहराबाहेर दारूची लंका उभी करतो. मधोमध दारूचा रावण. भोवती राक्षस, वानर, आणि एक भला मोठा मारुती. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत सुटतो आणि लंकेतलं एकेक घर पेटवत जातो!

हे ऐकल्यावर अठरा वर्षांचा मुलगा काय म्हणणार? पेशव्यांनी हुकूम सोडला, हा खेळ पुण्यात करून दाखवा. महादजींनी दारूकाम जाणणारे कारागीर गोळा केले आणि बखर म्हणते की पंधरा-वीस दिवसांत लंका तयार झाली. (पंधरा दिवसांत डिलिव्हरी, आणि स्कोप बघा!) मग एका काळोख्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी ती पेटवली. श्रीमंत आणि सरदार मंडळी पर्वतीवर बसून बघत होती आणि पुण्यातली रयत आसपास प्रचंड संख्येने जमली होती.

बखर म्हणजे काही आकडेवारीचा अहवाल नव्हे, गर्दीचा तिथला आकडा शब्दशः घ्यायचं कारण नाही. पण जागेची निवड मात्र अभ्यास करण्यासारखी आहे. पर्वती म्हणजे शहराच्या दक्षिणेची टेकडी, नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देवस्थान. आज शंभरावर पायऱ्या चढून आपण तिथे जातो. खाली तेव्हा तळं होतं, आज तिथे सारसबाग आहे. वस्ती दूर. म्हणजे उंच जागा, मोकळं मैदान, काळोख आणि आग लागलीच तर शहर वाचेल इतकं अंतर. चारही गोष्टी एका ठिकाणी! आजचा कुठलाही इव्हेंट मॅनेजर हीच जागा निवडेल.

आणखी एक तांत्रिक मुद्दा. पर्वतीखालचा खेळ मुख्यतः जमिनीवरचा होता. एक मारुती तेवढा हवेत, बाकी घरं, राक्षस, रावण सगळे जमिनीवर उभे करून पेटवायचे. असा खेळ बघायला उंची लागते. वरून बघणाऱ्याला अख्खी लंका नकाशासारखी दिसते, खालून बघणाऱ्याला पुढच्याचं पागोटं. रंगांचं म्हणाल तर लाल-हिरव्या झगमगाटाची कल्पना करू नका. तो रासायनिक रंगांचा खेळ १८३० नंतर युरोपात पोटॅशियम क्लोरेट दारूकामात वापरायला लागल्यावर सुरू झाला. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. पर्वतीखालची लंका मुख्यतः सोनेरी, नारिंगी, पांढरी असणार. लोखंडाच्या किसाच्या ठिणग्या आणि कोळशाचा निखारी रंग. मला विचाराल तर लंका जळताना हेच रंग जास्त शोभले असतील.

थोडं भूमितीचं

आजचे बाण आणि तोफगोळे वर जाऊन फुटतात, त्यामुळे आता उंचीपेक्षा मोकळ्या आकाशाला महत्त्व आलंय. यावर मी कागद-पेन्सिल घेऊन एक हिशोब केला. (काय करणार, सवय.)

समजा एखादा गोळा १५० मीटर उंचीवर फुटतोय. तुमच्यापासून ३० मीटरवर एक सात मजली, म्हणजे साधारण २१ मीटर उंचीची इमारत आहे आणि गोळा तिच्या मागच्या बाजूला उडतोय. तर तो तुमच्यापासून साधारण २३० मीटरच्या आत फुटला तरच दिसेल. त्यापलीकडचे सगळे इमारतीच्या मागे. तुम्हाला फक्त 'धुडुम' ऐकू येणार आणि समोरच्या खिडक्या उजळलेल्या दिसणार. आता हीच इमारत तुमच्यापासून २०० मीटर लांब असेल तर? मग दीड किलोमीटरवरचा गोळासुद्धा दिसतो.

म्हणजे तुमच्या पुढ्यात मोकळी जागा किती, यावर तुमचं आकाश किती हे ठरतं. मुंबईत लोक मरीन ड्राइव्हवर का गर्दी करतात हे या हिशोबातून आपोआप कळतं. समोर उपसागर, एकही इमारत नाही आणि किनारा कमानीसारखा वळलेला. नरिमन पॉइंटला उभं राहिलं की थेट मलबार हिलपर्यंतचं सगळं आकाश आपलं. कठड्यावर बसायला तिकीट नाही, शेंगदाण्याची पुडी तेवढी विकत. शहराने समुद्र हटवून जमीन मिळवली, पण काठाची पट्टी सगळ्यांसाठी ठेवली, म्हणून हे जमतं. तिथे सलग खासगी कंपाउंडं झाली असती तर आज मरीन ड्राइव्हची आतषबाजी फक्त गच्चीवाल्यांना दिसली असती.

लंडनचं तिकीट

"मोकळ्या जागेला तिकीट कोण लावेल?" असं म्हणू नका. १७४९ साली लंडनमध्ये एका तहाच्या आनंदात सरकारी आतषबाजी ठरली. तिच्यासाठी हँडेल या मोठ्या संगीतकाराने खास संगीत रचलं. मुख्य कार्यक्रम २७ एप्रिलला ग्रीन पार्कमध्ये होता. पण त्याच्या सहा दिवस आधी व्हॉक्सहॉल गार्डन्समध्ये संगीताची रंगीत तालीम ठेवली आणि तिला अडीच शिलिंगचं तिकीट लावलं. तेव्हाच्या बातमीनुसार बारा हजारांवर लोक पैसे भरून आले आणि लंडन ब्रिजवर तीन तास गाड्या अडकून पडल्या. (ट्रॅफिक जॅमचा शोध हिंजवडीत लागला नाही, हे वाचून बरं वाटलं.) मुख्य कार्यक्रमाला पाऊस आला आणि लाकडी मंडपाच्या एका भागाने पेट घेतला. म्हणजे आतषबाजीशिवाय झालेल्या तालमीला तिकीट, आणि खरी आतषबाजी मोकळ्या पार्कात!

त्याच लंडनने २०१४ च्या वर्षअखेरीपासून थेम्सकाठच्या नववर्षाच्या आतषबाजीला तिकीट लावलं. सुरुवातीला दहा पौंड. कारण असं दिलं की आदल्या वर्षी पाच लाखांच्या आसपास माणसं आली, इतक्या गर्दीला सुरक्षित ठेवता येणार नाही. आता आकाशाला काही कुंपण घातलं नाही. कुंपण घातलं ते काठावर उभं राहायच्या जागेला.

फुकट किती महाग पडतं

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे कारण बहाणा वाटलं. पण ते सरसकट उडवून लावता येत नाही.

३० मे १७७०, पॅरिस. युवराज (पुढे सोळावा लुई) आणि मारी आंत्वानेत यांच्या लग्नाची आतषबाजी. ती बघून लोक एका रस्त्याने परत निघाले, तिथे चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसार १३२ माणसं गेली.

फार मागे कशाला जायचं? १० एप्रिल २०१६ ची पहाट, केरळमधलं परवूरचं पुट्टिंगल मंदिर. स्पर्धेच्या आतषबाजीत ठिणगी साठ्यावर पडली. शंभराहून जास्त मृत्यू. आणि १९ ऑक्टोबर २०१८, अमृतसर, दसरा. रावणदहन एका मैदानात होतं आणि मैदानाला लागून रेल्वेचे रूळ. रूळ थोडे उंचावर. तिथून रावण चांगला दिसतो, म्हणून लोक रुळांवर उभे राहिले. फटाक्यांच्या आवाजात गाडी आल्याचं अनेकांना कळलंच नाही. साठच्या आसपास माणसं गेली.

हे वाचून मी बराच वेळ पुढे लिहू शकलो नाही. कारण विचार करा, ती माणसं काय करत होती? फुकट आणि चांगली जागा शोधत होती. उंच, मोकळी, समोर काही आड न येणारी. पर्वतीवर बसलेल्या पेशव्यांना जे मिळालं, नेमकं तेच. फरक इतकाच की त्यांच्या गावात त्यांच्या वाट्याला आलेली उंच जागा म्हणजे रेल्वेचे रूळ होते.

टेकडी कोणाची?

पुन्हा पर्वतीवर येऊ. श्रीमंत वर, रयत खाली. दारूकामाचा प्रकाश दोघांना सारखाच, पण टेकडी सगळ्यांची नव्हती. आणि ही गोष्ट पेशवाईबरोबर १८१८ मध्ये संपली असं समजू नका. १३ ऑक्टोबर १९२९ ला याच पर्वतीवर सत्याग्रह सुरू झाला. मागणी होती, पर्वतीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करा. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज, त्यांच्याबरोबर एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ अशी मंडळी होती. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, मारहाण झाली. मंदिर तेव्हा उघडलं नाही ते नाहीच. पेशव्यांनी लंका बघितली त्याला एकशे पस्तीसच्या वर वर्षं झाली होती, तरी टेकडीवरच्या दारात कोणी उभं राहायचं यावर डोकी फुटत होती.

रत्नागिरीत तेव्हा हाच वाद विठ्ठल मंदिरावरून पेटलेला. त्यातून सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभं राहिलं. २२ फेब्रुवारी १९३१ ला ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुलं झालं. लहानपणी त्याच्यावरून जाता-येता मला ते 'आपल्या गावातलं एक देऊळ' इतकंच वाटायचं. उभं राहायच्या जागेसाठी काय काय करावं लागतं, हे असं मोठेपणी कळतं.

आमच्या गावात याच्या अगदी उलटी गोष्टही आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा. इंग्रजांनी त्याला राज्यावरून काढून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी टेकडीवर राजवाडा बांधून झाला, १९१६ मध्ये तो इथेच वारला. राजाला त्या टेकडीवर नजरकैदेत राहावं लागलं आणि आज थिबा पॉइंटवर कोणीही ऐरागैरा जाऊन भाट्याची खाडी, पूल आणि समुद्र एका नजरेत बघत उभा राहतो. पर्वतीवर राजा खुशीने बसला होता आणि रयतेला मज्जाव होता. इथे राजा नाइलाजाने होता आणि रयत खुशीने जाते. इतिहासाने कधी कधी असा हिशोब चुकता केलेला बरा वाटतो.

प्रत्येक घर एक पेशवा

मग एक खर्च करणार आणि सगळे बघणार ही पद्धत गेली कुठे? फटाके स्वस्त झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधून यायचे. मग शिवकाशीच्या अय्या नाडार आणि षण्मुग नाडार यांनी कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून घेतला आणि तो गावी आणला. त्याच्या मागोमाग फटाक्यांचे कारखाने आले. फुलबाजी, भुईचक्र, अनार मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आलं आणि प्रत्येक घर आपापल्या अंगणातलं पेशवे सरकार झालं. बघणारे कमी, वाजवणारे जास्त. कोकणात नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट फोडून झालं की पोरं अंगणात माळा सोलून एकेक लवंगी उडवायची. तेही सुख होतंच, मी नाही म्हणत नाही. पण त्यात सगळं गाव एका जागी मान वर करून उभं राहायचं ते मात्र गेलं.

आणि आता मोठे, वर जाऊन फुटणारे खेळ पुन्हा पैसेवाल्यांकडे गेलेत. मोठ्या गृहसंकुलांच्या आत, गेटच्या आत, क्लबच्या हिरवळीवर. फाटकावर वॉचमन "कोणाकडे जायचंय?" विचारतो. पर्वतीच्या वेळेला रयतेला निदान पायथ्याशी तरी येऊ दिलं होतं!

यात मला आशेची जागा दिसली ती चक्क कोर्टाच्या निकालात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० नंतर आवाजाच्या फटाक्यांना बंदी घातली. पुढे २३ ऑक्टोबर २०१८ च्या आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण त्याच आदेशात आणखी एक कलम आहे. दिल्ली परिसरात सामुदायिक आतषबाजी करावी, त्यासाठी मैदानं आधी ठरवून जाहीर करावीत, आणि इतर राज्यांनीही याची शक्यता तपासावी. म्हणजे घरोघरी वाजवण्यापेक्षा एका मैदानात, एका वेळी, सगळ्यांनी मिळून. धूर कमी, कचरा एका जागी, आगीचा बंब शेजारी उभा. महादजींनी पंधरा दिवसांत जे केलं, तेच कोर्ट सव्वादोनशे वर्षांनी सांगतंय. फक्त या वेळी टेकडी सगळ्यांना खुली हवी.

हे काही अशक्य नाही. शेजारी गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठी त्रिपुरारी पौर्णिमेचा उत्सव होतो. सजवलेल्या होड्या पाण्यात सोडतात, वर आतषबाजी. लोक दोन्ही काठांवर उभे राहून बघतात. नदीचा काठ हीच गॅलरी.

तर कुठे उभं राहायचं?

इतकं वाचलंत तर थोडं कामाचंही सांगतो.

रत्नागिरीत असाल तर मांडवीची जेट्टी किंवा भाट्याचा किनारा. समोर पाणी, मागे शहर. मांडवीच्या काळ्या समुद्रावर उभं राहून शहराकडे तोंड केलंत तर चढणीवरची घरं, गल्ल्या, सगळीकडचे बाण दिसतात, आणि इमारती बऱ्याच मागे असल्यामुळे वरचा हिशोब तुमच्या बाजूने लागतो. उशिरा रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो, तेव्हा धूर तुमच्या अंगावर येणार. मग थोडं बाजूला सरका. साधा नियम, वारा पाठीवर घ्या.

पुण्यात असाल तर टेकडी, पण बघायला, वाजवायला नाही. दिवाळीपर्यंत टेकडीवरचं गवत वाळायला लागलेलं असतं, एक ठिणगी पुरते. समुद्रकिनाऱ्याचंही तेच. आमच्या जिल्ह्यात वेळास, आंजर्ले, गावखडीच्या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालायला येतात. त्यांना अंधार लागतो, आतषबाजी नको.

कुठेही असाल तरी उभं राहण्याआधी तीन गोष्टी बघा. पायाखाली काय आहे (रूळ, रस्ता, कठडा)? परत जायला वाटा किती आहेत? एकच असेल तर शेवटचा बार व्हायच्या आधी निघा, किंवा सगळे गेल्यावर. आणि फटाक्यांचा साठा कुठे ठेवलाय? त्याच्यापासून लांब. वीज चमकल्यावर मोजतो तसं मोजा. उजेड आणि आवाज यांत तीन सेकंद गेले तर अंतर साधारण एक किलोमीटर. बघायला तेवढं पुष्कळ झालं.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या भागात सगळ्यांना फुकट उभं राहता येईल अशा मोकळ्या जागा किती उरल्यात, त्या एकदा मोजून बघा. मैदान, टेकडी, नदीकाठ, तळ्याची पाळ. त्यातल्या एखाद्या जागेला कुंपण पडायच्या बेतात असेल, आराखड्यात तिचा रंग बदलत असेल, तर महापालिकेत हरकत नोंदवायला दिवाळीच्या सुट्टीतला अर्धा दिवस द्यायला हरकत नाही. गोड्यांच्या नोंदींत दारूकामावर पैसे उधळणारे राजे पुष्कळ सापडतात. पण बघणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवणं राजावर सोपवून चालत नाही, ते आपणच करायला लागतं.

असो. फार लांबलं. शुभ दीपावली, मंडळी. मान जपून वर करा.